चार नंबरचं हिरवं प्रवाळ

आमच्या कॉलेजच्या माशांच्या खोलीत एक हिरवं प्रवाळ आहे आणि त्याच्याखालची पाटी चुकीची आहे. पाटीवर 'हॅमर' लिहिलंय, प्रत्यक्षात ते 'टॉर्च' आहे. दोन्ही हिरवी, दोन्ही फांद्याफांद्यांची, दोन्ही पाण्यात सारखीच डुलतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय फरक पडतो? पण ती पाटी मी लावली, ती चुकीची आहे हे मला लावल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे, आणि ज्या माणसाने मला ते दाखवलं तो आता कॉलेजात नाही. आणि तो इथे नाही, याला कारणही मीच. तेव्हा रमणभाऊंविषयी लिहिताना मी उगाच साळसूदपणाचा आव आणणार नाही.

कागदावर ते रमण सोमा वरठा, प्रयोगशाळा परिचर, कंत्राटी. गाव तलासरी तालुक्यातलं उधवा. डहाणूत स्टेशनपलीकडे एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारची एसटी धरून गावी जायचे आणि सोमवारी सकाळी आमच्या आधी हजर. चौदा वर्षं ते असेच कंत्राटी होते. दरवर्षी कुणीतरी त्यांना सांगायचं, रमण, यंदा तुला कायम करू. ते 'हो सर' म्हणायचे आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर सही करायचे. शेवटी शेवटी मात्र त्यांनी स्वतःच माझ्या टेबलावर वयाचा दाखला आणून ठेवला. कायम होण्याला वयाची अट असते, आणि त्यांच्या हातात दोनच वर्षं उरली होती. विभागप्रमुख म्हणून त्यांच्या प्रस्तावावर शेरा मी लिहायचा होता. 'लिहिते हो रमणभाऊ,' असं मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही.

अंगाने काटकुळे, शर्ट कायम इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. फक्त डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली. मला पहिल्यांदा वाटलं, गबाळेपणा आहे. तसं नव्हतं. टाकीत हात घालायचा तो डावा, कारण उजवा हात लिहायचा. उजव्या हाताला खारं पाणी लागलं की वही खराब होते. टाकीची वही त्यांच्याइतकी सुबक आमच्यातल्या एकाही प्राध्यापकाने ठेवली नसेल. तारीख, पाण्याची उष्णता, खारटपणा, कोणी खाल्लं, कोण रुसलं. 'लाल शेपटीवाला आज रुसला आहे' असं खरोखर लिहिलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, रमणभाऊ, हे शास्त्रीय नाही. ते म्हणाले, 'बरं मॅडम,' आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'लाल शेपटीवाला आजही रुसला आहे.'

हा माणूस मासा खात नसे. कोंबडी चालायची, सुकट नाही, बोंबील नाही, काही नाही. डहाणूत राहून मासा न खाणारा माणूस म्हणजे लोकांना चेष्टेला विषयच. आम्ही पाणी आणायचो ते धाकट्या डहाणूहून. खाडीचं पाणी गढूळ, म्हणून बाहेर खोल समुद्रात जाणाऱ्या एका बोटीवर आमचे कॅन दिलेले असायचे. ते उतरवून घ्यायला रमणभाऊ जायचे, मीही एक-दोनदा गेले. तिथे हिराबाई नावाची मासे निवडणारी बाई त्यांची वाटच बघत असे.

'आले का पाणीवाले,' ती म्हणाली. 'सगळा गाव मासा नेतो आणि पाणी टाकतो. हा एकटाच पाणी नेतो आणि मासा टाकतो.'

'मासे माझ्याकडे आहेत ने ताई,' रमणभाऊ म्हणाले.

'ते काय कामाचे? नुसते बघायचे.'

'बघायलाच ठेवलेत. ज्यांना रोज नावाने हाक मारतो, त्यांचे भाऊबंद कसे खाऊ?'

हिराबाईने कपाळावर हात मारून घेतला. मग रमणभाऊंनी कॅनचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. 'आज कमी खारट आहे, किनाऱ्याजवळून भरलंय,' म्हणाले. बोटीवाला ओशाळला, कारण ते खरं होतं. कॉलेजात आल्यावर मी मोजून पाहिलं. मला त्यांचं चुकावं असं वाटत होतं, हे आज कबूल करते. चुकलं नव्हतं.

तसे ते पुष्कळ गोष्टींत चुकायचे. पाऊस कधी येईल हे त्यांना कधीही धड सांगता आलं नाही. माणसं तर अजिबात ओळखता यायची नाहीत. जो गोड बोलेल तो चांगला, एवढाच हिशोब. मी त्यांच्याशी गोड बोलायची.

त्यांची नजर कळली ती नमुन्यांच्या कपाटामुळे. आमच्याकडे जुन्या काळी जमवलेले प्रवाळांचे वाळके सांगाडे आहेत, चाळीसेक डबे. एका पावसाळ्यात कसर लागली आणि निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या खाऊन टाकल्या. वाळलेलं प्रवाळ म्हणजे पांढऱ्या फांद्या. रंग नाही, काही नाही. आम्ही प्राध्यापक मंडळींनी बैठक घेतली आणि 'बाहेरून तज्ज्ञ बोलवावा' असं ठरवून चहा पिऊन उठलो. मे महिन्याची सुट्टी संपवून आलो तर कपाटातल्या प्रत्येक डब्यावर नवी चिठ्ठी. रमणभाऊंनी सुट्टीत विभागातलं चित्रांचं जाड पुस्तक आणि एक भिंग घेऊन सगळे डबे लावले होते. इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता यायचं, तेवढ्यावर.

आमचे निवृत्त विभागप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, ते मुद्दाम तपासायला आले. चाळीसात दोन चुकलेले निघाले. सरांनी दोन जवळजवळ सारखे सांगाडे उचलून विचारलं, 'हे वेगळे कशावरून?'

'शेंडा बघा सर,' रमणभाऊ म्हणाले. 'ह्याच्या प्रत्येक शेंड्याला बरोबर मध्ये एक भोक आहे. ह्याच्या शेंड्याला भोक नाही, नुसता अणकुचीदार. आणि ह्याची भोकं रांगेत आहेत, त्याची कशीही.'

'कोणी शिकवलं?'

'आईने.'

सर हसले, पण रमणभाऊ थट्टा करत नव्हते. आवणीनंतर, म्हणजे लावणी झाल्यावर, भातात भातासारखंच एक तण येतं, पान बघून ओळखायला गेलं तर भातच उपटला जातो. त्यांची आई सांगायची, पान बघू नको, पान जिथे काडीला मिळतं तिथे बघ. भाताला तिथे पातळ पडदा असतो, तणाला नसतो. 'चुकलो तर पाठीत धपाटा,' रमणभाऊ म्हणाले. 'तुमच्या परीक्षेपेक्षा ते बरं, लगेच कळतं.'

खोलीत निळे दिवे बसवले ते प्राचार्यांच्या हौसेने. निळ्या दिव्याखाली टाकीतलं सगळं हिरवंगार चमकतं, पाहुण्यांना फार आवडतं. रमणभाऊ सकाळी आल्याबरोबर ते दिवे बंद करून साधी पांढरी ट्यूब लावायचे. 'निळ्या दिव्याखाली सगळेच नवरदेव,' म्हणायचे. 'कोण कसा आहे ते सकाळी बघावं.' आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, जे ते विद्यार्थ्यांना, मला, प्राचार्यांना, सगळ्यांना सारखंच ऐकवायचे: 'थांबा, उघडू दे.' नवा प्राणी टाकीत आला की तो घाबरून मिटलेला असतो. मिटलेल्यावरून नाव ठरवायचं नाही. दोन दिवस जाऊ द्यायचे. मी विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या या वाक्याची नक्कल करायची, आणि वर्ग हसायचा.

मग तो टेम्पो सापडला. गुजरातच्या हद्दीजवळ, तलासरीच्या पुढे, वनखात्याच्या लोकांनी तपासणीत पकडला. आत थर्माकोलच्या खोक्यांत पाण्याच्या पिशव्या आणि पिशव्यांत जिवंत प्रवाळं. आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढायला बंदी आहे, बाहेरून आणलं असं म्हणावं तर कागद हवेत, ते नव्हते. केस होईपर्यंत माल ठेवायचा कुठे? जिल्ह्यात चालू असलेली खाऱ्या पाण्याची टाकी आमची. बरीचशी प्रवाळं वाटेतच मेली होती, पाच जिवंत होती. पाचही हिरवी, पाचही फांद्यांची, पाचही मिटलेली.

ज्या दिवशी ती आली, त्या दिवशी माझा तोरा बघण्यासारखा होता. मी नुकतीच प्रवाळांवरची तीन दिवसांची कार्यशाळा करून आले होते. अधिकारी यादी मागत होते, न्यायालयात द्यायला. प्रत्येकाला नंबर, नाव, फोटो, खाली तज्ज्ञाची सही. संध्याकाळच्या आत. स्थानिक वर्तमानपत्राचा एक जणही येऊन बसला होता. मी पिशव्या उजेडात धरून पाहिल्या, कार्यशाळेतले फोटो आठवले आणि म्हटलं, पाचही हॅमर. हॅमरच्या मिशा, म्हणजे त्याचे मऊ तंतू, उघडल्या की प्रत्येक मिशीचं टोक हातोडीसारखं आडवं असतं, म्हणून ते नाव. पण तेव्हा मिशा आत ओढलेल्या होत्या. मी टोकं न बघता हातोडी म्हटलं.

'मॅडम,' रमणभाऊ हळूच म्हणाले, 'हा चार नंबर त्यांच्यातला वाटत नाही. ह्याच्या फांदीची नळी जाड आहे. थांबा, उघडू दे ने.'

'साहेब थांबणार आहेत का दोन दिवस?' मी म्हटलं. अधिकारी हसले, वर्तमानपत्रवालाही हसला. मी सही केली. दुसऱ्या दिवशी माझा फोटो छापून आला, खाली 'प्रवाळतज्ज्ञ' असं. आमच्या ह्यांनी तो कापून फ्रिजवर लावला.

हॅमर हॅमरशेजारी ठेवलं तर चालतं, ती आपसांत भांडत नाहीत. म्हणून मी पाचही एका दगडावर ओळीने मांडली, प्रत्येकाखाली नंबर आणि नावाची पाटी लावली, फोटो काढला, तो यादीला जोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर चार नंबर टाकीच्या दुसऱ्या टोकाला. वहीत लिहिलेलं: 'नं. ४ उघडला. वेगळा निघाला. लांब ठेवला.'

मी चिडले. फोटो न्यायालयात गेलाय, जागा बदललेली कोणी पाहिली तर? मला न विचारता हात कसा लावलात? रमणभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग निळा दिवा बंद करून ट्यूब लावली आणि एवढंच म्हणाले, 'मॅडम, एकदा टोक बघा.'

मी बघितलं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण आजवर मी हे सगळीकडे गुळमुळीत सांगत आले. मी वाकून, चष्मा पुसून बघितलं. मिशा लांब होत्या आणि प्रत्येकीचं टोक गोल होतं, थेंबासारखं. आडवं एकही नाही. तो टॉर्च होता, आणि टॉर्च शेजारच्याला डसतो, हॅमरलासुद्धा, हे कार्यशाळेतल्या माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. एका ओळीचं पत्र लिहायचं होतं: पाहणीअंती चार नंबरच्या नावात दुरुस्ती करावी. तेवढं केलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण फ्रिजवर तो फोटो होता.

'असतात काही असे,' मी म्हटलं. 'परत ठेवा.'

मी ओळखलं नाही असं त्यांना वाटलं असावं, म्हणून पुन्हा समजावायला लागले, नळी अशी, टोक असं. मला ओळखू आलंय आणि तरी मी हे म्हणतेय, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. मी आवाज चढवला. त्यांनी डावा हात घालून चार नंबर उचलला आणि तीन आणि पाचच्या मध्ये ठेवला. वहीत लिहिलं, 'नं. ४ परत.' कोणी सांगितलं, का सांगितलं, ते लिहिलं नाही. वहीत प्राण्यांचं लिहायचं, माणसांचं नाही, हा त्यांचा नियम.

नंतर दिवाळीची सुट्टी लागली. मी नाशिकला बहिणीकडे गेले. रमणभाऊ त्या वर्षी वाघबारशीच्या सणालाही उधव्याला गेले नाहीत, टाकीसाठी थांबले. त्याच दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आम्ही बायका फराळाला बसलो होतो.

'मॅडम, तीन नंबर गळतोय. तपकिरी बुळबुळ सुटलीय. चारच्या मिशा लागताहेत त्याला. लांब करू?'

'हात लावू नका,' मी म्हटलं. 'मी आले की बघते.'

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आता पाच नंबरसुद्धा गळायला लागला होता. मी तेच उत्तर दिलं, जरा जास्त तिखट शब्दांत. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी उचलला नाही.

परत आले तेव्हा दोन, तीन आणि पाच मेले होते. एक नंबर टोकाला होता म्हणून वाचला. चार नंबर छान फुललेला होता. रमणभाऊ टाकीसमोर स्टुलावर बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांच्या शर्टाला इस्त्री नव्हती. मला म्हणाले, 'मी हलवायला पाहिजे होता मॅडम. तुम्ही नाही म्हणालात तरी.' माझ्यावर रागवायच्या ऐवजी हा माणूस स्वतःवर रागावला होता.

न्यायालयाच्या केसमधला जप्त माल मेला म्हणजे चौकशी आलीच. प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. वही पुढे आली. वहीत लिहिलेलं: नंबर चार हलवला, परत ठेवला. समितीने निष्कर्ष काढला की परिचराने परवानगीशिवाय प्राण्यांची हलवाहलव केली, त्याने ते दचकले आणि मेले. रमणभाऊंचा कायम होण्याचा प्रस्ताव परत आला आणि मार्चनंतर कंत्राटही वाढवलं नाही. चौदा वर्षं आणि एक पानाचं पत्र.

इथवर मी पुष्कळांना सांगितलं आहे. सांगताना पुढे जोडते, 'बिचारे एका शब्दाने माझं नाव घेतलं नाही त्यांनी. केवढा मोठा माणूस.' ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, माझेही येतात. आणि ते खोटं आहे. रमणभाऊंनी माझं नाव घेतलं होतं. समितीने विचारलं तसं त्यांनी सरळ सांगितलं: मॅडमनी परत ठेवायला लावला, फोनवर दोनदा परवानगी मागितली, त्या नको म्हणाल्या. मग प्राचार्यांनी मला एकटीला आत बोलावलं. दार लोटलं आणि विचारलं, 'मॅडम, रमण म्हणतो ते खरं का?'

मी म्हटलं, 'नक्की आठवत नाही सर.'

तीन शब्द. खोटं बोलले असते तर निदान खोटं बोलले असं तरी म्हणता आलं असतं. प्राचार्यांनी मान हलवली. त्यांना तेच उत्तर हवं होतं, असं मी मनाला पुढची तीन वर्षं समजावलं. हवं असेलही. पण दिलं मी.

शेवटच्या दिवशी रमणभाऊ वही माझ्या टेबलावर ठेवायला आले. नव्या माणसासाठी चार पानं काढून सूचना लिहिल्या होत्या. कोणता मासा कशाने रुसतो वगैरे. 'निळा दिवा सकाळी बंद करायला सांगा,' म्हणाले. मी म्हटलं, 'रमणभाऊ, मी खूप प्रयत्न केले हो.' ते 'हो मॅडम' म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. मीच त्यांच्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांना भेटले नाही. डहाणू काही मोठं नाही, पण टाळायचं म्हटलं की जमतं. उधवा-तलासरीकडचे विद्यार्थी वर्गात आले की मी रमणभाऊंची चौकशी करायची नाही. केस अजून चालूच आहे, त्यामुळे पाटीवरचं नाव बदलता येत नाही, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. दरवर्षी मुलांना हॅमर आणि टॉर्चमधला फरक शिकवते तो पुस्तकातल्या चित्रावरून. टाकीपाशी नेत नाही.

मागच्या वर्षी एका शिपायाकडून कळलं की रमणभाऊ तलासरीच्या रस्त्याला एका नर्सरीत कामाला आहेत. माझी निवृत्ती वर्षावर आली होती. झोप नीट लागत नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं. शेवटी एके दिवशी बसले आणि पत्र लिहिलं. सगळं लिहिलं: मी यादीत चुकले, चूक कळूनही झाकली, चार नंबर परत ठेवायला मी लावला, फोनवर मी नकार दिला, चौकशीत मी टाळलं, रमण वरठा यांचा यात काही दोष नाही. खाली सही, तारीख. घरी सांगितलं, विवळवेढ्याला देवीला जाऊन येते, आणि रविवारी गाडी काढली. देवळासमोरून गाडी नेली, उतरले नाही.

नर्सरी हायवेपासून आत होती. हिरव्या जाळीखाली चिकूच्या कलमांच्या रांगा, आणि रमणभाऊ उकिडवे बसून एका गिऱ्हाइकाला समजावत होते. चिकूचं कलम रायणीच्या रोपावर बांधतात. खालून रायणीचा फुटवा आला तर तो खुडायचा, नाहीतर तोच झाड होऊन बसतो. 'पान बघू नका,' ते त्याला सांगत होते, 'कुठून फुटलंय ते बघा.' केस पांढरे झाले होते. शर्ट इस्त्रीचा होता.

मला बघून ते उठले. 'मॅडम,' म्हणाले, आणि आधी मला बसायला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. गिऱ्हाइकाला म्हणाले, 'आमच्या कॉलेजच्या मॅडम.' आमच्या. मी त्यांच्या घरच्यांची चौकशी केली. मुलगी तलासरीला नर्स झाली होती. मग त्यांनीच विचारलं, 'एक नंबर आहे का अजून?'

'आहे. चारही आहे.'

'चार राहणारच. दणकट होता.' मग म्हणाले, 'त्याचा काही दोष नव्हता. त्याला लांब ठेवला असता तर चांगला होता तो.'

माझ्याने राहवेना. मी पर्समधून पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी लगेच घेतलं नाही, आधी हातांची माती नळाखाली धुतली, हात शर्टाच्या आतल्या बाजूला पुसले, मग घेतलं. उभ्याउभ्या वाचलं. सावकाश, एकेक ओळ. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत मी वाट पाहत होते, आणि कशाची ते मला चांगलं माहीत होतं. ते म्हणणार होते, जाऊ द्या मॅडम. किंवा, मी कधीच विसरलो. मग मी रडणार होते, आणि परत जाताना देवीपुढे नारळ फोडणार होते. मी येताना नारळही घेऊन आले होते.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्र पहिल्यासारखंच घडी घालून मला परत दिलं.

'हे मला कशाला देता मॅडम?' ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. 'ह्यातलं सगळं मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना द्या ने.'

मी म्हटलं, 'आता तुमचं वय उलटलं. आता काही उपयोग नाही, म्हणून...'

'म्हणूनच आणलंत का?' रमणभाऊ म्हणाले.

ते एवढं बोलले आणि त्यांनाच ते जास्त झालंसं वाटलं असावं. खाली वाकून एक चांगलं कलम निवडलं, पिशवीत घालून माझ्या गाडीत नेऊन ठेवलं. पैसे घेतले नाहीत. तेवढ्यात जाळीपलीकडून कोणीतरी 'रमणकाका' म्हणून हाक मारली, ते 'आलो' म्हणाले आणि रांगांमधून चालत गेले. वळून पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही, त्यांना काम होतं.

नंतरच्या सोमवारी मी पत्र घेऊन प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेले. ते एकटेच होते, 'या मॅडम' म्हणाले. मी वेळापत्रकाचं काहीतरी विचारलं आणि बाहेर आले. आता निवृत्तीला दोन महिने उरले आहेत. पत्र पर्समध्येच आहे. त्याऐवजी मी हे एवढं सगळं लिहिलं, आणि तेही पुन्हा प्राचार्यांना नाही, वाचणाऱ्या तुम्हाला देते आहे.